बातमीचे ॲप कसे निवडावे?



आज आपण एका रोजच्या कामाच्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. मोबाइलवर बातमी वाचायची, तर त्यासाठी ॲप कोणते घ्यावे, ही ती गोष्ट.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. एस.टी.ची पाटी तुम्ही वाचता. खताच्या पोत्यावरचा भाव वाचता. सोसायटीची नोटीस वाचता. मग बातमीच तेवढी दुसऱ्याच्या तोंडून का ऐकावी? तीही आपल्या डोळ्यांनी वाचावी. त्यासाठीच तर आपण रात्रीच्या वर्गाला बसलो.

ॲप म्हणजे मोबाइलमधले एकेका कामाचे साधन. घरात विळी वेगळी, चाळण वेगळी, खलबत्ता वेगळा. तसेच मोबाइलमध्ये पैसे पाठवायचे ॲप वेगळे, गाणी ऐकायचे वेगळे आणि बातमी वाचायचे वेगळे. बातमीची ॲप पुष्कळ आहेत. जो तो सांगतो, आमचेच सर्वांत जलद. मग आपण कसे ठरवावे?

बातमी लवकर का हवी?

आपल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बातमीला फार किंमत आहे. पाहा, कऱ्हा नदी एरवी कोरडी पडलेली दिसते. पण सप्टेंबर २०१९ मध्ये पुरंदरच्या भागात मोठा पाऊस झाला. नाझरे धरणातून कऱ्हेत पाणी सुटले. बारामतीत नदीकाठच्या हजारो माणसांना घरे सोडून हलावे लागले. ज्यांना वेळेवर कळले, त्यांनी पोरेबाळे आणि गुरे सांभाळली. अशा वेळी एक तासही मोठा असतो.

नीरेकाठीही तसेच. वीर धरणातून पाणी सोडणार असे कळले, की शेतकरी नदीवरच्या मोटारी वर काढतो. कळायला उशीर झाला, की मोटार गेली, पाइप गेले. भीमेचेही तेच. खडकवासल्यातून सोडलेले पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तेथून भीमेत आणि पुढे उजनीत येते. पुण्याकडे पाऊस पडतो आणि इंदापूरच्या माणसाला सावध व्हावे लागते.

बाजाराचेही तसेच आहे. डाळिंब असो, कांदा असो की मका असो, आज भाव काय निघाला हे गाडी भरण्याआधी कळले तर उपयोग. गाडी अडतीवर उतरल्यावर कळून काय करायचे?

म्हणून बातमी लवकर हवी, हे खरे. पण एवढ्यावर थांबू नका.

लवकर आलेली बातमी खोटी असली तर?

१ जुलै २०१८ या दिवशी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी काय झाले, ते ऐका. त्या दिवसांत मोबाइलवर एक अफवा फिरत होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी ती अफवा. तिला ना कोणाचे नाव, ना कोठला ठिकाणा. राईनपाड्याच्या बाजारात पाच परके पुरुष दिसले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून, मंगळवेढ्याकडून, भिक्षा मागण्यासाठी ते तिकडे गेले होते. जमावाने त्यांनाच टोळी समजून मारले. पाचही जण मेले.

मंडळी, ती अफवा फार जलद पसरली होती. कोणत्याही वर्तमानपत्रापेक्षा जलद. तिच्या जलदपणाने पाच घरे उजाड झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक बंधन घातले. आलेला मजकूर एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, असे ते बंधन. पण बंधनाने खोटे खरे होत नाही. ते पाहायचे काम आपलेच राहते.

आता दुसरी गोष्ट. बातमी खरी असते, पण शिळी असते. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. निर्यात म्हणजे माल परदेशी पाठवणे. ४ मे २०२४ रोजी ती बंदी उठली. समजा, त्यानंतर कोणी जुनीच बातमी मोबाइलवर फिरवली, 'कांदा निर्यात बंद!' शेतकऱ्याने ती वाचली. तो घाबरला. वखारीतला कांदा त्याने पडेल भावाने देऊन टाकला. बातमी खोटी नव्हती. तिच्यावर तारीख नव्हती, एवढेच. पण नुकसान व्हायचे ते झालेच.

वर्तमानपत्राच्या माथ्यावर काय असते? त्याचे नाव असते आणि तारीख असते. 'केसरी' पुण्यात १८८१ साली निघाले. 'सकाळ' पुण्यातच १९३२ साली निघाले. पहिल्या अंकापासून नाव आणि तारीख माथ्यावर. चूक झाली, तर कोणाला जाब विचारायचा हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. मोबाइलवर फिरणारा मजकूर म्हणजे माथा फाडलेले वर्तमानपत्र. ते कोणाचे, कोणत्या दिवसाचे, काही कळत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे. ज्या ॲपमध्ये प्रत्येक बातमीजवळ ती देणाऱ्याचे नाव आणि दिवस-वेळ दिसत नाही, ते ॲप कितीही जलद असले तरी घेऊ नका.

बातमीच्या ॲपचे दोन प्रकार

पहिला प्रकार आयत्या ताटाचा. ताटात काय वाढायचे, हे ॲप ठरवते. डेलीहंट, गूगल न्यूज ही ॲप अशी आहेत. त्यांत मराठी बातम्या मिळतात. इनशॉर्ट्स नावाचे एक ॲप आहे. ते बातमी साठ शब्दांत आटोपते. हा प्रकार सोपा आहे. उघडले की बातम्या समोर. पण एक लक्षात ठेवा. तुम्ही कोणत्या बातमीवर जास्त वेळ थांबता, कशावर बोट लावता, हे अशी ॲप पाहत असतात. मग तसलेच आणखी वाढतात. पोर शेवेसाठी हट्ट धरते म्हणून रोज शेवच दिली, तर त्याचे पोट भरेल, पण अंग धरणार नाही. सिनेमाच्या आणि भांडणाच्या बातम्या वर येतात. धरणाची आणि बाजारभावाची बातमी खाली दबते.

दुसरा प्रकार आपल्या घरच्या स्वयंपाकाचा. यात बातमी कोणाकडून घ्यायची, हे आपण ठरवतो. याला फीड वाचायचे ॲप म्हणतात.

येथे एक आबा हसून विचारतील, "गुरुजी, फीड म्हंजे कोंबड्यांचं खाद्य की हो! ते मोबाइलमधी कशाला?"

आबा, शब्द तोच आहे. फीड म्हणजे भरवणे. कोंबडीला दाणा भरवतात, तशी ही बातमी भरवायची सोय. तिची रीत ऐका. वर्तमानपत्राचे इंटरनेटवर एक घर असते. त्याला संकेतस्थळ म्हणतात. काही संकेतस्थळे आपल्या नव्या बातम्यांची एक यादी तयार ठेवतात. त्या यादीत बातमीचा मथळा, तारीख, वेळ आणि ती कोठे वाचायला मिळेल तो पत्ता असतो. या यादीला फीड म्हणतात. आपले ॲप ठरल्या वेळी फेरी मारते. दुधाची गाडी कशी वस्तीवस्तीवर थांबते आणि किटल्या गोळा करते? तसेच. तुम्ही पाच वस्त्या सांगितल्या, तर ते पाचच ठिकाणी थांबते. सहाव्या ठिकाणचे पाणी घातलेले दूध ते आणत नाही.

ही रीत नवी नाही. १९९९ साली अमेरिकेतल्या नेटस्केप नावाच्या कंपनीने ती काढली. तिला आर.एस.एस. म्हणतात. तिची खूण म्हणजे एक नारिंगी चौकोन. त्यात एक टिंब आणि दोन कमानी असतात.

या प्रकारची तीन ॲप आम्ही सांगतो. फीडर, फीडली आणि इनोरीडर. फीडली आणि इनोरीडर यांत आधी आपले खाते उघडावे लागते. ती थोड्या वापरासाठी फुकट आहेत, जास्त सोयींना पैसे पडतात. फीडर हे अँड्रॉइड मोबाइलसाठी आहे. त्याला खाते लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि त्यात जाहिराती नसतात. नव्या वाचकाने फीडरपासून सुरुवात करावी, असे आम्हांला वाटते.

ॲप जलद कशाने होते?

वाचणाऱ्याला चार गोष्टी कळल्या, की पुरे.

पहिली गोष्ट, वजन. अक्षरे हलकी असतात. चित्र जड असते. चालते चित्र, म्हणजे व्हिडिओ, फारच जड असतो. जे ॲप आधी अक्षरे दाखवते, ते कमजोर रेंजमध्येही उघडते. ज्यात उघडताच व्हिडिओ आणि जाहिराती नाचू लागतात, ते अडकते आणि आपला डेटाही खाते.

दुसरी गोष्ट, साठवण. चांगले ॲप घरी रेंज असताना बातम्या आणून ठेवते. मग जिरायती भागात सुप्याकडे माळावर असा, नाहीतर उसाच्या फडात असा, रेंज नसली तरी आणलेले वाचता येते. आपण रांजण रात्रीच भरून ठेवतो ना? तसेच हे.

तिसरी गोष्ट, फेरी. ॲपने किती वेळाने फेरी मारावी, हे ठरवता येते. फेरी जितकी वरचेवर, तितकी बातमी ताजी, पण बॅटरीही तितकी उतरते. तासातून एक फेरी आपल्याला पुष्कळ झाली.

चौथी गोष्ट, आपला मोबाइल. पुष्कळदा ॲप मंद नसते. मोबाइलच गच्च भरलेला असतो. रोजचे 'शुभ सकाळ'चे फोटो आणि लग्नांचे व्हिडिओ साठून राहतात. ते पुसावेत. बैल चांगला असला तरी गाडीत दगड भरल्यावर तो कसा पळेल?

आणखी एक. घंटी जास्त वाजवणारे ॲप जलद असते, असे मानू नका. काही ॲप दिवसभर टिंग टिंग करतात. उथळ पाण्याला खळखळाट फार. रोज पन्नास वेळा घंटी वाजली, की माणूस घंटीकडे पाहणे सोडतो. मग खऱ्या संकटाची घंटीही तशीच जाते.

पुराची बातमी बातमीच्या ॲपवर सोडू नका

हे नीट ऐका. फीडचे ॲप तासाने फेरी मारते. पूर तासभर थांबत नाही. म्हणून जीवावरच्या गोष्टींसाठी सरळ सरकारी सूचनेकडे जावे.

वीज पडण्याची सूचना देणारे 'दामिनी' नावाचे ॲप आहे. पुण्यातल्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ते केले आहे. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका आहे का, ते ते दाखवते. 'मेघदूत' हे ॲप २०१९ साली निघाले. त्यात शेतकऱ्यासाठी हवामान आणि पिकाचा सल्ला असतो. दोन्ही फुकट आहेत.

याशिवाय, तुम्हांला आठवत असेल. २० जुलै २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रात पुष्कळांचे मोबाइल एकदम मोठ्याने वाजू लागले. बरेच लोक घाबरले. ती सरकारची चाचणी होती. मोठे संकट आले, तर एका भागातल्या सर्व मोबाइलांवर एकाच वेळी सूचना जावी, यासाठी ती सोय आहे. तिला ॲप लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये संकटकाळच्या सूचनांची जागा असते. ती चालू आहे ना, हे घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा मुलाकडून एकदा पाहून घ्या. आणि तलाठ्याची, ग्रामपंचायतीची आणि पोलीसपाटलाची सूचना आली, तर ती मोबाइलवर दिसली नाही म्हणून सोडू नका.

ॲप घेताना सांभाळा

ॲप नेहमी मोबाइलमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीतून कधीही घेऊ नये. 'पी.एम. किसान'च्या नावाने अशा फाइली लोकांना आल्या आहेत. नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती उघडली, की मोबाइलची किल्ली चोराच्या हातात जाते आणि बँकेतले पैसे जातात. असे कोणाचे झालेच, तर लाजू नका. त्याच घटकेला १९३० या नंबरवर फोन करा. तो सायबर चोरीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. उशीर झाला, की पैसे सापडणे कठीण.

ॲप घेतल्यावर ते परवानग्या मागते. बातमीच्या ॲपला आपल्या मेसेजशी काय काम? आपल्या ओळखीच्या लोकांच्या नंबरांशी काय काम? पेपर टाकणारा पोरगा तिजोरीची किल्ली मागू लागला, तर आपण देऊ का? मग येथेही 'नाही' म्हणावे.

आता भरायचे कसे?

फीडरमध्ये अधिकाची खूण असते. तेथे संकेतस्थळाचा पत्ता लिहावा. त्या ठिकाणी फीड असेल, तर ॲप ते शोधून दाखवते. बी.बी.सी.ची मराठी बातमीसेवा २०१७ साली सुरू झाली. तिचे फीड आहे. आपल्या आवडीच्या मराठी वर्तमानपत्राचा पत्ताही घालून पाहावा. काहींचे फीड निघते, काहींचे निघत नाही. निघाले नाही, तर त्या वर्तमानपत्राचे स्वतःचे ॲप घ्यावे. शेतीचे 'ॲग्रोवन' २००५ सालापासून निघते. बाजारभावासाठी राज्याच्या कृषी पणन मंडळाचे संकेतस्थळ रोजचे भाव देते. तो पत्ता वेगळा जपून ठेवावा.

सुरुवातीला चार-पाचच ठिकाणे घ्या. एक मोठे वर्तमानपत्र, एक वेगळ्या मताचे, एक शेतीचे आणि एक आपल्या जिल्ह्याचे. दोन मतांची वर्तमानपत्रे मुद्दाम घ्यावीत. एकाच बाजूचे ऐकून पंच निवाडा देत नाहीत.

आपली यादी कागदावरही लिहून ठेवा. गूगल कंपनीने २००५ साली असेच एक फीड वाचायचे साधन काढले होते. लाखो लोक ते वापरत. १ जुलै २०१३ रोजी कंपनीने ते बंद केले. ज्यांनी आपली यादी काढून ठेवली होती, त्यांनी ती दुसरीकडे नेली. साधन कोणाचेही असो, यादी आपली असावी.

आठ दिवसांची परीक्षा

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, मग पैसे देतो. ॲपचेही तसेच करा. दोन ॲप घ्या आणि आठ दिवस वापरा. रोज संध्याकाळी या पाच गोष्टी पाहा.

१. रेंज कमी असताना कोणते आधी उघडते?

२. बातमीजवळ नाव, तारीख आणि वेळ दिसते का?

३. रेंज नसताना आधी आणलेले वाचता येते का?

४. दहा बातम्या वाचल्या, तर त्यांत आपल्या उपयोगाच्या किती आणि जाहिराती किती?

५. अक्षर मोठे करता येते का? आपल्या वयाच्या माणसाला आणि नव्या वाचकाला हे फार महत्त्वाचे.

आठव्या दिवशी जे उणे ठरेल, ते काढून टाका. यासाठी कोणाला विचारायला नको. तुम्हांला वाचता येते, तुम्हीच परीक्षक.

मागच्या बाकावरच्या मावशी म्हणतील, "गुरुजी, एवढं सारं आमच्यानं कसं व्हायचं? नातू लावून देईल तेच वाचू." मावशी, लावून नातवाकडूनच घ्या. त्यात कमीपणा नाही. पण कोणाची बातमी घ्यायची, ती यादी तुम्ही सांगा. नातवाच्या यादीत क्रिकेट असेल. तुमच्या यादीत बचतगट हवा, दुधाचा भाव हवा, दवाखान्याची योजना हवी. चुलीवर काय शिजवायचे हे तुम्हीच ठरवता ना? मग हेही ठरवा.

आणि शेवटचे सांगणे. घाबरवणारी बातमी आली, की ती पुढे ढकलण्याआधी आपले ॲप उघडा. चार ठिकाणांपैकी दोन ठिकाणी ती आहे का, पाहा. तिच्यावर आजची तारीख आहे का, पाहा. नसली, तर तुमच्या हातातच ती थांबवा. यास दोन मिनिटे लागतात. राईनपाड्यात ती दोन मिनिटे कोणी थांबले असते, तर पाच माणसे आपापल्या घरी परत गेली असती.

उद्याच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या चार ठिकाणांची यादी वहीत लिहून आणावी. शुद्धलेखन आम्ही तपासू. निवड मात्र तुमची.